वच्छलाबाईंची मोजणी

आमच्या बारवनगरची पोलीस चौकी सोळा वर्षं वच्छलाबाईंच्या घरात होती. बैठकीच्या खोलीत साहेबांचं टेबल, देवघरात जप्तीचा माल आणि स्वयंपाकघराला गज बसवून केलेली कोठडी. बाई स्वतः मागच्या अंगणात, पत्र्याच्या एका खोलीत. आता ती चौकी गेली, गायरानात दुमजली ठाणं उभं राहिलं आणि आम्ही सगळेच सुटलो. ते कसं झालं हे सांगायचा हक्क माझा आहे, कारण बाईंचे सगळे अर्ज मी लिहिले. मी त्यांचा शेजारी, जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर, आता पेन्शनीवर. या हकिकतीत थोडी लाज माझ्याही वाट्याला आहे, तीही लपवणार नाही.

बाई मूळच्या बिडकीनच्या, शेतकऱ्याघरच्या. नवरा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कामाला होता. बारवनगर तेव्हा नुकतं वसत होतं. शेतकऱ्यानं गुंठ्यागुंठ्यानं जमीन विकायची, आपण बाँडपेपरवर घ्यायची, घर बांधायचं, आणि मग आयुष्यभर भीत राहायचं की सरकार कधी येऊन फी मागेल नाहीतर घर पाडेल. आम्ही सगळे त्याच बोटीतले. बाईंच्या नवऱ्यानं तीन खोल्या बांधल्या, स्लॅब टाकला, आणि वर्षाच्या आत तापाचं निमित्त होऊन तो गेला. मुलगा रामकिसन तेव्हा बारा वर्षांचा.

त्याच हिवाळ्यात बारवनगरात एका आठवड्यात तीन घरं फुटली. आम्ही मोर्चा काढला, चौकी द्या म्हणालो. साहेब म्हणाले, चौकी देतो, जागा दाखवा. स्लॅबचं घर सगळ्या नगरात एकच. मग आम्ही वीसेक पुरुष बाईंच्या दारात जाऊन उभे राहिलो. दोन वर्षांचा प्रश्न आहे, भाडं येईल, पोराचं शिक्षण होईल, असं सगळं मीच बोललो. बाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "दोन वर्षं ना? मंग राहू द्या." अनधिकृत घरात अशी अधिकृत चौकी आली. आपल्याकडं जे तात्पुरतं म्हणून येतं ते नातवंडं बघितल्याशिवाय हलत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

चौकीतली माणसं वाईट होती असं मुळीच नाही. पुंजाराम हवालदार तर बाईंना मावशी म्हणायचा. पण चौकी ती चौकी. एकदा चोरीच्या सात शेळ्या पकडून आणल्या, त्या कोर्टाचा निकाल लागेपर्यंत अंगणातच. तोवर दोघी व्याल्या. पकडलेल्या मोटारसायकली इतक्या साठल्या की बाईंना स्वतःच्या खोलीत आडवं होऊन शिरावं लागे. बाई कुरकुरल्या नाहीत. रामकिसन शिकला, वाळूजच्या एका कंपनीत लागला, आणि मग मात्र खरी अडचण उभी राहिली. त्याचं लग्न जमेना.

मुलीकडचे यायचे. फाटकातून आत पाऊल टाकलं की शिपाई विचारायचा, "तक्रार द्यायची का हजेरी?" देवगाव रंगारीहून एक स्थळ आलं होतं, चांगलं बागायतदार. मुलीचे वडील अंगणात उभे होते तेवढ्यात स्वयंपाकघराच्या गजांमधून एक हात बाहेर आला आणि आतला दारुडा म्हणाला, "पाव्हणं, बिडी हाय का?" पाहुण्यांनी चहा उभ्याउभ्याच घेतला. चार दिवसांनी निरोप आला की पोरगा गुणाचा आहे, पण लेक आम्हाला सासरी द्यायची आहे, कोठडीत नाही. अशी पाच स्थळं गेली. त्यानंतर रामकिसन कंपनीतून आला की जेवून पुन्हा बाहेर पडायचा आणि बारवेच्या कट्ट्यावर एकटाच बसायचा. बाई मला म्हणाल्या, "मास्तर, मपलं घर असून पोरगं बेघर झालं वो."

मी अर्ज लिहिले. घर रिकामं करून मिळावं, ही विनंती. दरवेळी उत्तर एकच: नवं ठाणं मंजूर झालं की आपली जागा रिकामी करण्यात येईल. आणि ठाण्याचा प्रस्ताव दोनदा वर जाऊन परत आला. पहिल्या वेळी जागा नव्हती. दुसऱ्या वेळी गायरानातली जागा मिळाली तर पैसा नव्हता. दोन्ही वेळा बाईंनी आधीच पेढे वाटले होते आणि दोन्ही वेळा त्या तापानं आठ दिवस झोपून राहिल्या.

मग चौकीवर काकासाहेब गव्हाणे आले. सहायक निरीक्षक, वय चाळिशीच्या आत, कमी बोलणारा माणूस. त्यांनी तिसऱ्यांदा प्रस्ताव केला. जागा सरकारची, पैसा निम्मा जिल्ह्याच्या नियोजनातून आणि निम्मा गृहखात्याकडून, असं गणित जुळवत आणलं. पैसे देणारे दोघंही एकच विचारत होते: हद्दीत माणसं किती? जुन्या कागदांवर बारवनगर म्हणजे अजून शेतजमीन होती. म्हणून नव्यानं मोजणी करायचं ठरलं. पण बाई पुन्हा पेढे वाटतील आणि पुन्हा आजारी पडतील या काळजीनं गव्हाणेसाहेबांनी ही गोष्ट त्यांना सांगितलीच नाही. पुंजारामालाही तोंड बंद ठेवायला सांगितलं. माणूस भला होता, आणि त्याच्या भलेपणानंच घात केला.

गणपतीचे दिवस. सगळे पोलीस बंदोबस्ताला. चौकीत एक पोरगेला शिपाई, त्याला कशातलं काही माहीत नाही. अशात सकाळी दोन कारकून गळ्यात ओळखपत्रं अडकवून बारवनगरात शिरले. कशासाठी मोजता असं विचारलं तर म्हणाले, "माहिती घ्यायची आहे." सरकारी माणसानं कारण सांगितलं नाही की आमच्याकडं एकच कारण धरतात. वच्छलाबाई त्यांना पहिल्या गल्लीत दिसल्या आणि ते दुसऱ्या घरात पोचायच्या आत बाई माझ्या दारात.

"मास्तर, मोजणी आली. गुंठेवारीची फी काढू राहिले, घरपट्टी बी वाढवतेल. तुमच्यात किती हायत?"

"भाडेकरू धरून नऊ."

"दोन सांगा."

मी दोन सांगितले. खोटं बोलू नये म्हणून तीस वर्षं पोरांना छड्या मारलेला माणूस मी. बाई पुढच्या गल्लीत, त्याच्या पुढच्या गल्लीत, कारकुनांच्या सतत तीन घरं पुढं. हद्दीतल्या बाकीच्या वस्त्यांतही दुपारपर्यंत निरोप पोचला. अजिंठ्याकडून आलेल्या द्वारकाबाईंच्या घरात चौदा माणसं. त्यांनी लेकरं गच्चीवर चढवली, सुना शेजारी पाठवल्या आणि "आमी दोघंच" म्हणून सांगितलं. कारकुनानं दारातल्या बारा जोड चपलांकडं पाहिलं. द्वारकाबाई म्हणाल्या, "मालकाला चपलांचा लई शौक हाय." मोजणी आठवडाभर चालली. ती संपली त्या संध्याकाळी बाई माझ्या ओट्यावर येऊन बसल्या, दमलेल्या पण खूश. सगळ्या नगराचा पैसा वाचवला म्हणून मी त्यांना शाबासकीही दिली.

दिवाळीनंतर गव्हाणेसाहेबांनी बाईंना बोलावलं, कागद वाचायला मलाही. बाई स्वतःच्याच बैठकीत खुर्चीच्या कडेवर बसल्या. साहेब खाली बघून बोलत होते.

"मावशी, तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. ठाण्याचा प्रस्ताव पुन्हा पाठवला होता. आपल्याला पन्नास हजार माणसं दाखवायची होती. मोजणीत बावीस हजार निघाली. शेरा आलाय की सध्याची चौकी भाड्याच्या जागेतच चालू ठेवावी. आणखी पाच वर्षं."

"कवा केली मोजणी?" बाईंनी विचारलं.

"गणपतीत. दोन कारकून आले होते ना?"

मी पंख्याकडं बघायला लागलो. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मग उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सायेब, माझ्यावर केस करा. लोकांना कमी सांगायला म्या लावलं."

"आणि मी कमी सांगितलं," मी म्हणालो.

"केस करून ठेवू कुठं तुम्हाला?" साहेब म्हणाले. "तुमच्याच स्वयंपाकघरात?" ते हसले नाहीत. वर्षभराची मेहनत होती त्यांची. बाहेर जाऊन जीपला टेकून उभे राहिले. परत आले तेव्हा राग गिळलेला दिसत होता. म्हणाले, "नियोजनाची बैठक जानेवारीच्या शेवटी आहे. तोवर मी फेरमोजणी मागून बघतो. पण पहिली मोजणी खोटी होती याला पुरावा काय देऊ? आणि लोक या वेळी तरी खरं सांगतील का?"

सांगणार नव्हते. आम्ही दोन दिवस हिंडून बघितलं. ज्यानं दोन सांगितले होते तो आता नऊ सांगायला आणखी घाबरत होता. पहिलं खोटं निघालं म्हणून आत टाकतील तर? बाई जेवेनात. "म्याच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. पोराचं वय निघून चाललं," एवढंच म्हणायच्या. रामकिसन त्यांना एका शब्दानं बोलला नाही. ते त्यांना जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी देवळाचे पंच बाईंकडं आले. चंपाषष्ठी जवळ आली होती, आवतणाचं काय? आमच्या खंडोबाच्या भंडाऱ्याला चूलबंद आवतण असतं. म्हणजे घरातल्या कर्त्याला एकट्याला बोलावणं नव्हे. त्या दिवशी चूलच पेटवायची नाही, अंगावरचं लेकरू तेवढं सोडून सगळ्यांनी, पाहुण्यानं आणि भाडेकरूनंसुद्धा, देवाच्या पंगतीला यायचं. आवतण देणारी बाई दारात उभी राहून विचारते, "खाणारी किती?" घरानं आकडा सांगायचा. कमी सांगितला तर कुणाच्या तरी ताटात कमी पडतं, जास्त सांगितला तर देवाचं अन्न वाया जातं. या प्रश्नाला खोटं उत्तर दिलेलं मी ऐकलेलं नाही. आणि आमच्या नगरात हे आवतण वर्षानुवर्षं देतात त्या वच्छलाबाई आणि त्यांच्या हाताखालच्या सहा बायका.

पंच गेले आणि बाई माझ्याकडं आल्या. "मास्तर, शाळेतली हजेरीवही हाय का एखादी कोरी?"

चार दिवस आम्ही हिंडलो. पुढं बाई, मागं वही घेऊन मी. द्वारकाबाईंच्या दारात बाईंनी विचारलं, "खाणारी किती?"

"चौदा. आन् जावई यायचाय, पंधरा धर."

मी लिहिलं, पंधरा. माझ्या दारातही बाई रीतीप्रमाणं थांबल्या आणि मला विचारलं. मी नऊ म्हणालो आणि माझ्याच हातानं नऊ लिहिले. त्या क्षणी जे बरं वाटलं ते निवृत्तीच्या सत्कारातही वाटलं नव्हतं. एकट्या बारवनगराची बेरीज पाच हजार तीनशे झाली. कारकुनांच्या कागदावर तेच नगर एकोणीसशेचं होतं. वही बघून गव्हाणेसाहेब पहिल्यांदा हसले. "हे मी वर दाखवतो," म्हणाले. "आता लोकांचं बघा."

भंडाऱ्याच्या दिवशी साहेब साध्या कपड्यांत पंगतीला बसले. शेवटची पंगत उठायच्या आत बाई माइकपाशी गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा माइक धरत होत्या. उलटाच धरला, तो पुंजारामानं सरळ करून दिला.

"गणपतीत मोजणी आली व्हती," बाई म्हणाल्या. "म्या दारोदार जाऊन तुमाला खोटं सांगायला लावलं. ती मोजणी फीची नव्हती, ठाण्याची व्हती. ठाणं माझ्यामुळं गेलं. आता सायेब पुन्यांदा मोजणी मागू राहिले. देवापुढं सांगितलं तेच त्यांला सांगा. माझं चुकलं."

मागून कुणीतरी ओरडलं, "आन् पयलं खोटं निघालं म्हणून धरलं तर?"

गव्हाणेसाहेब उष्ट्या हातानंच उठले. "पहिल्या मोजणीत कुणी काय सांगितलं याची चौकशी होणार नाही. आणि ही यादी घरपट्टीच्या खिडकीवर जाणार नाही. लिहून देतो." हात धुऊन त्यांनी खरंच लिहून दिलं, सही केली, आणि मी ते मोठ्यानं वाचलं. तरी मंडपात जो तो शेजाऱ्याकडं बघू लागला. मग बायकांच्या पंगतीतून द्वारकाबाई उभ्या राहिल्या.

"मालकाला चपलांचा शौक नाय," त्या म्हणाल्या. "चौदा माणसं हायत आमच्यात. लिहा."

मंडप असा हसला की वाढपी थांबले. द्वारकाबाईंचे मालक लाजून पत्रावळीत तोंड घालून बसले. आणि त्या हसण्यात लोकांची भीती निघून गेली.

जानेवारीत तेच दोन कारकून पुन्हा आले. या वेळी साहेबांनी लिहून दिलेलं हद्दीतल्या प्रत्येक वस्तीत आधीच पोचलं होतं. तिथलं आवतण देणारी बाई त्यांच्या पुढं, आणि दारात प्रश्न तीच विचारायची. कारकून नुसते लिहीत होते. हद्दीची बेरीज चोपन्न हजारांवर गेली. मार्चमध्ये मंजुरीचं पत्र आलं. पुंजारामानं ते अंगणात उभं राहून वाचलं: जागा मंजूर, अंदाजपत्रक मंजूर, पहिला हप्ता मंजूर. बाईंनी दोनदा वाचायला लावलं. मग पायरीवर बसून पदरात तोंड घालून रडल्या. मीही रडलो. छातीवरचा एवढा मोठा दगड उतरला होता, रडणार नाही तर काय करणार?

बांधकामाला सव्वादोन वर्षं लागली. बाई रोज सकाळी गायरानात जाऊन यायच्या. "कालच्या कॉलमला पाणी का मारलं नाय?" असं त्या गवंड्याला विचारायच्या आणि गवंडी इंजिनिअरपेक्षा त्यांना जास्त भ्यायचा. पेढे मात्र त्यांनी वाटू दिले नाहीत. "चौकी हालू द्या आधी," म्हणायच्या.

ती हलली एका गुरुवारी. मोटारसायकली गेल्या, कपाटं गेली, देवघरातली जप्तीची पोती गेली. पुंजारामानं जाताना बाईंच्या पाया पडून किल्ली हातात ठेवली. रामकिसननं दुसऱ्याच दिवशी माणूस आणून स्वयंपाकघराचे गज कापून टाकले. भिंतीवर लोकांनी नखांनी नावं कोरली होती, शिव्या कोरल्या होत्या, एकानं तर सगळी बाराखडी. चुन्याचे तीन हात दिले तेव्हा भिंत भिंतीसारखी दिसली.

पंधरा दिवसांत सिल्लोडच्या अलीकडून सूर्यभान नावाचे गृहस्थ मुलीचं स्थळ घेऊन आले. मुलगी नर्सिंग शिकलेली, इथंच एका दवाखान्यात नोकरी. सूर्यभान घर हिंडून बघत होते. बाईंचा जीव मुठीत. कुणी काही सांगितलं तर नसेल? स्वयंपाकघरात ते जरा जास्तच वेळ थांबले. मग बाहेर येऊन म्हणाले, "पोरीची कवा कवा संध्याकाळची पाळी असती. इथून पोलीस ठाणं किती लांब हाय?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "चालत दहा मिनिटं."

"मंग काळजी नाय," सूर्यभान म्हणाले आणि बैठक मारून बसले. दोन वाजेपर्यंत सुपारी फुटली.

पाहुण्यांना रिक्षापर्यंत पोचवायला रामकिसन फाटकाबाहेर गेला. मी बाईंच्या ओट्यावर पान लावत बसलो होतो. तेवढ्यात आतून आरोळी आली, "राम्याऽ! च्या झालाय, ये रेऽ!"

मी दचकलो. आवाज ओळखीचाच नव्हता. खिडकीतून पाहिलं तर स्वयंपाकघरात बाई हातात पातेलं घेऊन उभ्या आणि दुसरा हात स्वतःच्याच तोंडावर. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सोळा वर्षं ही बाई आपल्या आवारात मोठ्यानं बोललेली नव्हती. पुढं कुणाचा जबाब चाललेला, कुणाची आई रडत असलेली, साहेब फोनवर. पोराला रागवायचं तरी कुजबुजत. भाऊ वारल्याचं कळलं तेव्हासुद्धा त्या पदराचा बोळा तोंडात धरून रडल्या होत्या. मी समजत आलो की बाईंचा स्वभावच हळू बोलण्याचा. आणि दोन वर्षं म्हणून ते घर मागायला मीच गेलो होतो.

बाईंनी तोंडावरचा हात काढला. मग आणखी जोर लावून, पार गल्लीच्या टोकाला जाईल अशी हाक मारली, "राम्याऽऽ! ऐकू येतंय का नाय?"

रामकिसन फाटकातून हसत ओरडला, "आलो ना! कामून एवढी वरडू राहिली?"

"मपल्या घरात वरडू राहिले!" बाई म्हणाल्या.